पासवर्ड बरोबर, तरीही पुन्हा लॉगिनचेच पान
वाचकांची प्रश्नोत्तरे : वेब-विकास

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचे विद्यार्थी-पोर्टल जँगो ४.२ या पायथनच्या वेब-फ्रेमवर्कवर चालते. सिंगल साइन-ऑनसाठी (एकाच लॉगिनने अनेक सेवा वापरण्यासाठी) आधीच्या सहकाऱ्यांनी पायसॅमल२ ही लायब्ररी वापरून व्ह्यू, म्हणजे विनंत्यांना उत्तर देणारा कोड, लिहिले होते. ओळख तपासणारा सर्व्हर महाविद्यालयाच्याच डोमेनखाली होता, तोवर तक्रार नव्हती. ती सेवा बाहेरच्या कंपनीकडे गेल्यापासून पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही बरोबर असूनही विद्यार्थी पोर्टलवर परतला की त्याला पुन्हा लॉगिनचेच पान दिसते, आणि लॉगमध्ये ‘अनसॉलिसिटेड रिस्पॉन्स’ अशी नोंद पडते. ‘अलाउ अनसॉलिसिटेड’ हे सेटिंग चालू केल्यावर लॉगिन होऊ लागले. ते तसेच ठेवावे का?
— एक प्रणाली-व्यवस्थापक, सोलापूर

उत्तर : ठेवू नये. त्या सेटिंगने दोष दुरुस्त झालेला नाही. दोष पकडणारी तपासणी तेवढी बंद झाली आहे. ती तपासणी कशासाठी असते, ते आधी पाहू.

सॅमल या सिंगल साइन-ऑनच्या पद्धतीत आपले पोर्टल विद्यार्थ्याला ओळख-सेवेकडे पाठवताना विनंतीला एक क्रमांक देते आणि तो स्वतःजवळ नोंदवून ठेवते. ओळख-सेवेच्या सहीच्या उत्तरात ‘इन रिस्पॉन्स टू’ या जागी तोच क्रमांक परत येतो. क्रमांक जुळला तर हे उत्तर याच ब्राउझरने थोड्या वेळापूर्वी मागितले होते, अशी खात्री पटते. जुळला नाही, किंवा जुळवायला नोंदच सापडली नाही, तर पायसॅमल२ ते उत्तर ‘न मागता आलेले’ ठरवून नाकारते. ही तपासणी नसेल, तर एखादा लबाड माणूस स्वतःच्या खात्याचे पूर्णपणे वैध उत्तर दुसऱ्याच्या ब्राउझरकडून आपल्या पोर्टलवर पाठवू शकतो. समोरचा विद्यार्थी नकळत त्या लबाडाच्या खात्यात शिरतो आणि शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचा तपशील, कागदपत्रे असे सगळे त्याच खात्यात भरून मोकळा होतो. ओळख-सेवेच्या पानावरील चौकोनावर टिचकी मारून थेट पोर्टलमध्ये येण्याची सोय महाविद्यालयाने जाणीवपूर्वक स्वीकारली असेल, तर हे सेटिंग लागतेच. पण तो धोरणाचा निर्णय आहे, त्रुटी घालवण्याचा उपाय नव्हे.

आता नोंद का सापडत नाही, ते पाहू. आपल्या व्ह्यूंमध्ये विनंतीचा क्रमांक बहुधा जँगोच्या नेहमीच्या सेशनमध्ये, म्हणजे त्या पाहुण्याविषयी सर्व्हरवर ठेवलेल्या नोंदीत, ठेवलेला असणार. त्या सेशनची कुकी (ब्राउझरजवळ राहणारी ओळखीची खूण) जँगो २.१ पासून, म्हणजे २०१८ पासून, मुळातच ‘सेमसाइट’ गुणधर्माचे ‘लॅक्स’ हे मूल्य घेऊन पाठवली जाते. या मूल्याचा अर्थ असा की परक्या संकेतस्थळावरील दुव्यावरून कोणी साध्या ‘गेट’ विनंतीने आपल्याकडे आले तर ब्राउझर कुकी सोबत देतो, परंतु परक्या संकेतस्थळाने ‘पोस्ट’ पद्धतीने फॉर्म पाठवला तर देत नाही. सॅमलचे उत्तर सहसा नेमके तसेच येते: ओळख-सेवेच्या पानात दडवलेला फॉर्म आपोआप आपल्या पत्त्यावर ‘पोस्ट’ होतो. कुकी आली नाही, की जँगोच्या दृष्टीने तो अगदी नवा पाहुणा असतो, त्याचे सेशन रिकामे असते, आणि क्रमांकाची नोंद सर्व्हरवर जागच्या जागी असूनही तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही.

पूर्वी हे चालत होते, याचे कारणही यातच आहे. ब्राउझर ‘एकच साइट’ ठरवतो ती नोंदणीकृत डोमेनवरून, उपडोमेनवरून नव्हे. महाविद्यालयाच्या डोमेनखालचे पोर्टल आणि त्याच डोमेनखालचा ओळख-सर्व्हर ही त्याच्या लेखी एकच साइट होती, म्हणून ‘लॅक्स’ कुकीही निमूटपणे जात होती. सेवा बाहेरच्या डोमेनवर गेली आणि नियम लागू झाला. नव्या कंपनीकडे तक्रारींचा ढीग पाठवण्याआधी हे ध्यानात घ्यावे. तिच्या बाजूने काहीही चुकलेले नाही.

अंदाजावर न थांबता खात्री करून घेणे सोपे आहे. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडून ‘प्रिझर्व्ह लॉग’ चालू करावे, लॉगिनचा प्रयत्न करावा आणि ओळख-सेवेकडून आपल्या पत्त्यावर आलेली ‘पोस्ट’ विनंती निवडावी. तिच्या कुकीज या भागात न पाठवलेल्या कुकीही दाखवण्याची सोय आहे आणि ती का अडवली याचे कारणही तिथेच वाचायला मिळते. याच विनंतीत सॅमलचे अख्खे उत्तरही दिसेल. ते बेस-६४ रूपात असते, म्हणजे सांकेतिक वाटले तरी गुप्त नसते. विद्यार्थ्याचे नाव, ईमेल आणि काही मिनिटे वैध असलेली सही त्यात असू शकते. मदत मागताना ते जसेच्या तसे चिकटवण्याची किंवा कुठल्याही फुकट ‘डीकोडर’ पानावर टाकण्याची सवय फार जणांना आहे, आणि ती घातक आहे.

उपाय म्हणून संपूर्ण सेशन-कुकीच ‘सेमसाइट’ ‘नन’ करण्याचा, म्हणजे ती परक्या साइटवरूनही जाऊ देण्याचा, मोह होईल; तो टाळावा, कारण मग परक्या पानांवरून येणाऱ्या विनंत्यांविरुद्धचे एक संरक्षण सगळ्या पोर्टलवरून उठते. लॉगिनपुरती वेगळी कुकी वापरावी. विनंती पाठवताना तिचा क्रमांक जँगोच्या सही केलेल्या कुकीत ठेवावा, तिला ‘सेमसाइट’ ‘नन’, ‘सिक्युअर’ (फक्त एचटीटीपीएसवरून जाणारी) आणि ‘एचटीटीपी ओन्ली’ (पानावरील जावास्क्रिप्टला न दिसणारी) हे गुणधर्म द्यावेत, आयुष्य दहा मिनिटांचे ठेवावे आणि उत्तर तपासून होताच ती पुसावी. ‘सिक्युअर’ विसरू नये, कारण त्याच्याविना ‘नन’ असलेली कुकी क्रोम स्वीकारतच नाही. ‘नन’ हे पायथनचे रिकामे मूल्य म्हणून न लिहिता अवतरणातला शब्द म्हणून लिहावे लागते, हीदेखील नेहमीची ठेच आहे. जँगोसॅमल२ हे तयार पॅकेज नेमके असेच करते. त्याचे मिडलवेअर (प्रत्येक विनंती व्ह्यूआधी हाताळणारा भाग) सॅमलसाठी स्वतंत्र सेशन-कुकी ठेवते आणि मुख्य सेशनला हात लावत नाही. नव्याने लिहिण्याची सवड असेल तर मी त्याचीच शिफारस करीन. त्यात जँगोचे ‘सेशन कुकी सिक्युअर’ हे सेटिंग मात्र ‘ट्रू’ असले पाहिजे.

जाता जाता, आपल्यासारखीच पण अधिक छळणारी एक तक्रार इतर फ्रेमवर्क वापरणाऱ्यांकडून येते: लॉगिन कधी होते, कधी होत नाही. ज्या कुकीवर ‘सेमसाइट’ लिहिलेलेच नाही तिला ‘लॅक्स’ मानण्याचा नियम क्रोमने फेब्रुवारी २०२० मध्ये आवृत्ती ८० पासून आणायला सुरुवात केली, कोविडमुळे एप्रिलमध्ये तो मागे घेतला आणि जुलैमध्ये पुन्हा लागू करायला घेतला. त्यात एक सवलत ठेवली होती: अशी कुकी तयार होऊन दोन मिनिटे झाली नसतील, तर ती परक्या ‘पोस्ट’ विनंतीबरोबरही जाते. त्यामुळे भरभर पासवर्ड टाकणारा आत जातो, आणि ओटीपीची वाट पाहत बसलेला बाहेर राहतो. जँगो स्वतःच ‘लॅक्स’ लिहीत असल्याने आपल्याला ही सवलत मिळाली नाही, आणि एका अर्थी ते बरेच झाले; सर्वांचेच लॉगिन बंद पडले म्हणून दोष लगेच उघडा पडला.

प्रश्न : आमचे जँगो अॅप्लिकेशन एन्जिनएक्स या प्रॉक्सी-सर्व्हरच्या मागे चालते. ओपनआयडी कनेक्ट या सिंगल साइन-ऑनच्या पद्धतीने लॉगिन करताना ओळख-सेवा ‘रीडायरेक्ट यूआरआय मिसमॅच’ (परतीचा पत्ता जुळत नाही) असे सांगून अडवते. नोंदवलेला पत्ता अक्षरशः बरोबर आहे. मग जुळत का नाही?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नोंदवलेला पत्ता बरोबर असेल, पाठवला जाणारा पत्ता पाहिला का? ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत, ओळख-सेवेकडे गेलेल्या दुव्यामध्येच तो असतो, आणि बहुधा त्याची सुरुवात ‘एचटीटीपीएस’ऐवजी ‘एचटीटीपी’ने झालेली आढळेल. एन्जिनएक्स बाहेरचे कूटबद्ध संभाषण स्वतःपाशी संपवतो आणि आत जँगोशी साध्या एचटीटीपीने बोलतो, त्यामुळे जँगो परतीचा पत्ताही साधाच बनवतो. ओळख-सेवा ही तुलना अक्षर न् अक्षर करते. शेवटची तिरकी रेघ किंवा सुरुवातीचे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ एवढाही फरक तिला चालत नाही.

एन्जिनएक्समध्ये ‘एक्स फॉरवर्डेड प्रोटो’ हा हेडर (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) मूळ विनंती एचटीटीपीने आली की एचटीटीपीएसने, त्या मूल्याने भरावा, ‘होस्ट’ हेडर मूळ नावासह पुढे द्यावा (नाहीतर एन्जिनएक्स आतल्या सर्व्हरचे नाव पाठवतो), आणि जँगोच्या ‘सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर’ या सेटिंगमध्ये त्या हेडरवर विश्वास ठेवायला सांगावे. मात्र बाहेरच्या माणसाने स्वतःहून पाठवलेला तसाच हेडर एन्जिनएक्सने आत जाऊ देता कामा नये, आणि जँगोचा पोर्ट इंटरनेटवर थेट उघडा नसावा. नाहीतर ‘मी सुरक्षित मार्गाने आलो’ असे कोणीही सांगेल आणि जँगो ते खरे मानेल. सेवेकडे साधा एचटीटीपी पत्ता नोंदवून मोकळे होणे हा मार्ग नव्हे.

प्रश्न : आभासी यंत्र स्थगित करून पुन्हा सुरू केल्यापासून पायसॅमल२ ‘टू अर्ली’ ही त्रुटी देते. लॉगमधील वेळ साडेपाच तासांनी मागे दिसते. घड्याळ पुढे करू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : साडेपाच तासांचा फरक हा दोष नाही. सॅमलमधील वेळा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असतात आणि सर्व्हरचे लॉगही पुष्कळदा त्यातच असतात. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. यूटीसी विभागात असलेल्या यंत्राचे घड्याळ आपण हाताने भारतीय वेळेला लावले, तर ते खरोखरच साडेपाच तास पुढे जाईल, आणि उत्तर ‘वेळेआधी आले’ ही त्रुटी जाऊन ते ‘मुदत संपलेले’ असल्याची त्रुटी येऊ लागेल.

खरा दोष बहुधा काही सेकंदांचा किंवा मिनिटांचा आहे: स्थगित यंत्राचे घड्याळ मागे राहिले, म्हणून ‘नॉट बिफोर’ची, म्हणजे उत्तर वैध होऊ लागण्याची, वेळ त्याच्या दृष्टीने अजून यायची आहे. ‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा देऊन वेळेचे समक्रमण चालू आहे का ते पाहावे आणि नसेल तर ‘क्रोनी’ ही सेवा सुरू करावी. उरलेल्या किरकोळ फरकासाठी पायसॅमल२ मधील ‘अॅक्सेप्टेड टाइम डिफ’ हे मूल्य ६० सेकंद ठेवावे. ते सेकंदांत लिहायचे असते, आणि हजारांत नेल्यास मुदतीला काही अर्थ उरत नाही. लॉग भारतीय वेळेत वाचायचे असतील, तर घड्याळाला हात न लावता फक्त वेळ-विभाग बदलावा.