तंबूचं कापड कसं पारखावं?

प्रश्न : आम्ही चौघं, दोन मुलं लहान. भंडारदऱ्याला पावसाळा सरता सरता मुक्काम करायचा आहे. दुकानात एका तंबूवर ‘१९० टी, १००० मिमी’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘७५ डी, ३००० मिमी’. कोणता घ्यावा?

उत्तर : दुसरा. ‘टी’ म्हणजे विणीतल्या धाग्यांची दाटी, ‘डी’ म्हणजे धाग्याची जाडी. पाणी अडवण्याची ताकद मात्र मिमीचा आकडा सांगतो. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा राहिला तर ते झिरपू लागेल, याचं ते माप. सह्याद्रीतल्या वाऱ्यापावसात वरच्या आवरणाला १००० तोकडं पडतं. तळाला ३००० तरी हवंच, कारण गुडघा टेकला की दाब तिथेच वाढतो.

आवरण पॉलिएस्टरचं घ्या. नायलॉन हलकं, पण ओलं झालं की सैलावतं आणि आतल्या कापडाला टेकतं. उन्हातही पॉलिएस्टर जास्त टिकतं.

आकड्यांवर भुलू नका. गळती बहुधा शिवणीतून होते. आवरण उलटं करून शिवणीवर पट्टी चिकटवलेली आहे का, ते बघा. सकाळी आत ओल दिसली तर ती बहुतेक श्वासाची वाफ असते, म्हणून दुहेरी तंबू (आत एक कापड, वर वेगळं आवरण) आणि वर झरोके हवेत. खाली अंथरायची ताडपत्री तळापेक्षा चार बोटं लहान ठेवा, नाहीतर पाणी तिच्यावर साचून तंबूखाली शिरतं.

‘चार माणसांचा’ म्हणजे खांद्याला खांदा लावून चार. तुम्ही सहाचा घ्या. आणि ओला गुंडाळून माळ्यावर टाकू नका, आतला लेप चिकट होऊन सुटतो.