तोडणीच्या कामगारांना ओंडक्याची प्रत ओळखायला कसं शिकवायचं, म्हणजे लाकूड कमी वाया जाईल?

तुम्ही लिहिलंय की माणसं जुनी आहेत, चेनसॉवर हात बसलेला आहे, तरी डेपोत गेलं की बरेच ओंडके खालच्या प्रतीत टाकले जातात आणि तोडणीच्या जागेवर पण लाकूड पडून राहतं. मी तोडणीवर देखरेख केलीय, नवीन पोरांना शिकवलंय, त्यावरून आधी एकच विचारतो, मजुरी कशावर देता? नगावर देत असाल तर माणूस आखूड तुकडेच पाडणार, झाडावर देत असाल तर वाकायला नको म्हणून बुंधा गुडघ्यापर्यंत सोडणार, आणि यात त्याचं काही चुकत नाही. हे तसंच ठेवून कितीही ट्रेनिंग द्या, चार दिवसांत सगळं पहिल्यासारखं. चांगल्या प्रतीच्या ओंडक्यामागे थोडं का होईना जास्त मिळतं असं काहीतरी आधी करा, मग शिकवायला घ्या.

शिकवायची सुरुवात जंगलात नको, सॉ मिलवर करा. झाड पाडणाऱ्या बहुतेकांनी आपला ओंडका पुढे चिरताना कधी बघितलेलाच नसतो. सालीवर बाहेरून नुसता एक फुगवटा दिसतो, आणि फळी निघाली की कळतं ती गाठ पार गाभ्यापर्यंत गेलीय. जिवंत फांदीची गाठ निदान लाकडाला धरून राहते, वाळलेल्या फांदीची असेल तर सुकल्यावर निसटते आणि फळीला भोक पडतं. खोडाला पीळ असेल तर फळी वाळताना मुरगळते. हे एकदा डोळ्यांनी बघितलं ना की पुढे फार बोलावं लागत नाही, माणूस स्वतःच म्हणतो अरे हा तुकडा मी वेगळा काढायला पाहिजे होता.

मग जागेवर आल्यावर माझा आवडता प्रकार म्हणजे एक खोड पाडून फांद्या साफ करायच्या आणि करवत बंद ठेवायची. प्रत्येकाने एकट्याने यायचं, कुठे कापणार ते सांगायचं, तुम्ही वेगवेगळ्या रंगाच्या खडूने खुणा करायच्या आणि शेवटी सगळ्यांना एकत्र बोलावून वाद घालू द्यायचा. समजा खोडाला साडेचार मीटरवर वाक आहे. सवयीने सगळे बुंध्याकडून तीन-तीन मीटर मोजत जातात, म्हणजे तो वाक बरोबर दुसऱ्या ओंडक्याच्या मधोमध येतो आणि तो ओंडका गेला खालच्या प्रतीत. तेच वाकावरच कापलं तर खाली साडेचारचा सरळ ओंडका, वर पुढचा तीनचा पण सरळ. लाकूड तेवढंच, करवत पण कमी-जास्त तेवढीच चालली. अर्थात गिऱ्हाईक कुठल्या लांबीचं घेतं ते आधी माहीत पाहिजे, ती लांबी कामगारांना सांगितलेलीच नसते असं मी कितीदा तरी बघितलंय.

लांबीवरून आठवलं, कुऱ्हाडीच्या दांड्याने मोजणं पहिलं बंद करा, टेप द्या. लांबीचे टप्पे अर्ध्या मीटरचे असतील तर २.९६ मीटरचा ओंडका अडीच मीटरच धरला जातो, म्हणजे चार सेंटीमीटरपायी ४६ सेंटीमीटर लाकूड फुकट गेलं. म्हणून ठरलेल्या लांबीपेक्षा ५ ते १० सेंटीमीटर जास्त ठेवायचं आणि काप काटकोनात घ्यायचा, तिरका घेतला तर ते जास्तीचं त्यातच जातं.

पोकळ खोड ओळखायला कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकून आवाज ऐकायला शिकवा, भरीव आणि पोकळ खोड शेजारी शेजारी ठोकून दाखवलं की फरक लगेच कळतो. खोडावर अळंबी आलेली असेल तर आत कुजलंय असंच धरून चालायचं. बुडाला पोकळी निघाली तर एकदम मोठा तुकडा उडवू नका, फूट-फूटभर कापत वर जा आणि भरीव लागलं की थांबा.

बुंध्याचा हिशोब मात्र त्यांच्यासमोर मांडा. १८० सेंटीमीटर घेराचं झाड २० सेंटीमीटर उंच कापलं तर साधारण ०.०५ घनमीटर लाकूड खुंटातच राहतं, दहा झाडांमागे अर्धा घनमीटर, आणि ते पण सगळ्यात जाड, बिनगाठीचं. दगड, माती किंवा कुजका बुडखा असेल तिथे उंच कापणं बरोबरच आहे, ते त्यांच्या समजेवर सोडा.

आणि बरंच नुकसान तर झाड पडतानाच होतं. पाडायच्या बाजूची खाच खोडाच्या व्यासाच्या पाव भागाच्या आसपास खोल, मागच्या कापानंतर मधे न कापता राहणारी पट्टी, म्हणजे बिजागरी, व्यासाच्या साधारण दहावा भाग जाड, याच्यात घाई केली की कललेलं झाड उभंच्या उभं चिरतं. यात माणूस पण जातो, त्यामुळे हा भाग जाणकार माणूस शेजारी उभा असल्याशिवाय शिकवूच नका. झाड खडकावर किंवा ओढ्यावर आडवं पडलं तर मधेच मोडतं, म्हणून पाडायची दिशा ठरवताना खाली काय आहे ते चालत जाऊन बघायला लावा. पडलेलं खोड कापताना पण तेच, दोन्ही टोकं टेकलेली आणि मधे अधांतरी असेल तर वरून साधारण एक तृतीयांश कापून मग खालून वर यायचं, नाहीतर करवत अडकते आणि ओंडक्याला चीर जाते.

हे सगळं एका आठवड्यात कोंबू नका. अधूनमधून तोडून झालेल्या जागेवर त्याच टोळीला घेऊन फिरा, खुंटांची उंची मोजा, टाकून दिलेले तुकडे उलटून बघा आणि डेपोतली प्रतवारीची यादी त्यांच्यासमोर वाचा. कोणाचा ओंडका कुठल्या प्रतीत गेला हे कळायला ओंडक्याच्या टोकावर टोळीची खूण करून ठेवलेली बरी.