तानपुरा देवळात का हरवला?

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाची काही भजनं घरीच रेकॉर्ड केली, मिक्स मीच केला. गायिका मध्यभागी, हार्मोनियम पूर्ण डावीकडे, टाळ पूर्ण उजवीकडे. तानपुऱ्याचा एकच ट्रॅक होता. तो कॉपी करून दोन्हीकडे टाकला आणि पसरल्यासारखा वाटावा म्हणून एका बाजूचा फेज उलटा केला, म्हणजे ध्वनीच्या लहरीचे चढ-उतार उलटे केले. मास्टरिंगला, म्हणजे तयार मिक्सवरच्या शेवटच्या कामात, मिड-साइड इक्यू (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारं साधन) लावून साइडला ८ किलोहर्ट्झच्या वर ४ डेसिबल चढवले, मिडमधून ३०० हर्ट्झजवळ ३ डेसिबल काढले. हेडफोनवर सगळं मोकळं वाटतं. देवळातल्या भोंग्यावर मात्र तानपुरा गायब आणि गायिकेचा आवाज किरटा. इक्यूत काय बदलू? साइडचा १०० हर्ट्झखालचा भाग कापावा असंही वाचलं, तो कापू का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : तानपुऱ्यासाठी इक्यूत काहीच बदलू नका, तो इक्यूनं गेलेला नाही. मिड म्हणजे डाव्या-उजव्या चॅनलची बेरीज, साइड म्हणजे त्यांची वजाबाकी. देवळातली यंत्रणा मोनो असते, ती दोन्ही चॅनल एकत्र करून फक्त बेरीज ऐकवते. तुमचा तानपुरा एकीकडे सुलट, दुसरीकडे तोच उलट. बेरीज शून्य. म्हणजे सगळा तानपुरा साइडमध्ये होता आणि भोंग्यापर्यंत त्यातलं काही पोचलंच नाही. एकच स्पीकर असलेल्या मोबाइलवर किंवा गरब्याच्या मैदानातल्या मोनो साउंडवरही हेच होईल.

भजनात तानपुरा शोभेसाठी नसतो, ऐकणाऱ्याच्या कानात षड्ज तोच धरून ठेवतो. म्हणून हे मिक्समध्येच दुरुस्त करा. तानपुरा पुन्हा लावून दुसरा टेक घ्या, एक टेक डावीकडे ठेवा, एक उजवीकडे. मैफलीत गवयाच्या मागे दोन तानपुरे असतात, तसंच हे. दोन वेगळ्या टेकमध्ये तारा तंतोतंत एकाच क्षणी छेडल्या जात नाहीत, त्यामुळे पसारा खरा मिळतो आणि बेरजेतही टिकतो. सुरसागराजवळच्या संगीत महाविद्यालयात तानपुरा लावणारे चांगले हात सापडतील, विचारून पाहा. दुसरा टेक शक्यच नसेल, तर असलेला एक तानपुरा मध्यभागी, गायिकेच्या खाली, हलका ठेवा. कॉपी थोड्या उशिरानं वाजवण्याची युक्तीही नको. मोनोत काही ठरावीक फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात आणि जवारी, म्हणजे तारेची ती झणझणती गुंज, पोकळ ऐकू येते.

आवाज किरटा झाला त्यात मात्र इक्यूचा हात आहे. स्त्रीच्या गाण्यातल्या कितीतरी स्वरांचा पाया २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. तिथूनच तुम्ही ३ डेसिबल काढले आणि भोंगा खालचा भाग मुळातच कमी देतो. हेडफोनवर ती जागा साइडमधल्या रिव्हर्बनं (घुमाऱ्यानं) आणि तानपुऱ्यानं भरून काढली. भोंग्यावर भरून काढायला कुणी नव्हतं. ३०० हर्ट्झजवळ खरंच गढूळ वाटत असेल, तर आधी हार्मोनियमच्या ट्रॅकवर बघा. तिथे ती गर्दी बऱ्याचदा असते.

आता साइडच्या त्या ४ डेसिबलबद्दल, कारण हा गैरसमज मला सारखा भेटतो. साइड म्हणजे कडेची वाद्यं नव्हेत. पूर्ण उजवीकडचा टाळ मिडमध्ये जेवढा असतो तेवढाच साइडमध्येही असतो. एकट्या साइडला चढवलंत की दोन्हींचा हिशेब बिघडतो आणि टाळाचा तो वरचा भाग डाव्या स्पीकरमध्येही उमटतो, उलट्या फेजनं, उजवीपेक्षा साधारण १३ डेसिबल खाली. हेडफोनवर हाच उलटा ठसा 'मोकळं' वाटतो. मोनोत त्यातलं काहीही उरत नाही. टाळ मंद वाटत असेल तर टाळाच्या ट्रॅकवर इक्यू करा. हाताशी तयार मिक्सच असेल, तर नुसत्या उजव्या चॅनलवर.

मिड-साइड मी वापरते ती मिक्स पुन्हा उघडता येत नाही तेव्हा. जुन्या कार्यक्रमाचं दोन चॅनलचं ध्वनिमुद्रण येतं, सभागृहाचा घुमारा साइडमध्ये ३ किलोहर्ट्झच्या आसपास कानाला टोचतो. तिथे साइडमधून रुंद पट्ट्यानं एक-दीड डेसिबल काढलं की गवयाला हात न लावता हवा निवळते. कधी शब्द मागे पडलेले असतात, तेव्हा मिडमध्ये अडीच किलोहर्ट्झजवळ एक डेसिबल पुरतो. यापेक्षा जास्त लागायला लागलं की मी मिक्स परत मागते. साइड सोलो करून, म्हणजे एकटीच लावून, नीट ऐकल्याशिवाय तिथे नॉब फिरवायचा नाही, हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. आणि इक्यू चालू-बंद करून तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी करा, नाहीतर जे मोठं तेच चांगलं वाटतं.

१०० हर्ट्झखालची साइड कापण्याची रीत आली रेकॉर्डच्या तबकडीवरून. स्टिरिओ तबकडीच्या खाचेत बेरीज आडवी कोरली जाते आणि वजाबाकी उभी. साइडमध्ये जड खर्ज असला तर खाच कुठे खोल, कुठे उथळ होते आणि सुई उडते. बेरीज-वजाबाकीचा विचार इंग्लंडच्या ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ सालीच पेटंटच्या अर्जात मांडला होता. तुम्ही तबकडी काढणार नाही, तेव्हा गरज असेल तरच कापा. डग्गा एका बाजूला असेल तर कापल्यानंतर त्याचा खर्ज मध्यभागी येईल आणि थापेचा कडक भाग बाजूलाच राहील. डग्गा मिक्समध्येच मध्यभागी आणलात तर हा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : मिड-साइड करताना इक्यू लिनियर फेज ठेवावा का?
— एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : मिनिमम फेज इक्यू फ्रिक्वेन्सीबरोबर फेजही सरकवतो. तो फक्त साइडला लावला की मिड आणि साइड एकमेकांपासून सरकतात आणि कडेच्या वाद्यांची जागा धूसर होते. लिनियर फेज इक्यू सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच उशिरानं सोडतो म्हणून त्यात हे होत नाही, पण तीव्र उतार लावला तर ठोक्याच्या आधी एक पुसट चाहूल उमटते. तबल्याच्या 'ना'वर ती मला लगेच खटकते. रुंद पट्टा आणि एखादा डेसिबल एवढंच काम असेल, तर दोन्ही चालतील. साइडचा खालचा भाग तीव्र उतारानं कापायचा असेल, तर दोन्ही लावून तबल्याचा एकट्याचा तुकडा ऐका आणि मग ठरवा.