‘टू’ केव्हा आणि ‘इंग’ केव्हा?

प्रश्न : ‘मला वाचायला आवडते’ यासाठी ‘आय लाइक टू रीड’ आणि ‘आय लाइक रीडिंग’ ही दोन्ही वाक्ये चालतात, असे मला सांगण्यात आले. मात्र मी ‘आय एन्जॉय टू रीड’ असे लिहिले, तेव्हा ते चूक ठरले. अर्थ जवळपास एकच असताना नियम वेगळा का? याद्या पाठ करण्यावाचून दुसरा मार्ग नाही का?

उत्तर : ही अडचण मराठी भाषकाला हटकून येते, कारण आपले ‘वाचायला’ हे रूप ‘आवडते’, ‘शिकलो’, ‘गेलो’, ‘लागलो’ अशा कितीतरी क्रियापदांबरोबर सहज बसते. इंग्रजीत हेच काम दोन रूपांत विभागलेले आहे : धातूला ‘इंग’ लागून होणारे जेरंड आणि मूळ धातूच्या आधी ‘टू’ येऊन होणारे इन्फिनिटिव्ह. यांतले कोणते घ्यायचे, हे बहुतेक वेळा आधीचे क्रियापद ठरवते. ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’ यांच्यापुढे जेरंड येते, तर ‘डिसाइड’, ‘होप’, ‘प्रॉमिस’, ‘रिफ्यूज’ यांच्यापुढे इन्फिनिटिव्ह येते; ‘लाइक’ला दोन्ही चालतात, पण ‘वुड लाइक’ म्हटले की ‘टू’च हवा.

या विभागणीमागे थोडा इतिहास आहे. ‘टू’ हे मुळात दिशा दाखवणारे शब्दयोगी अव्यय असून प्राचीन इंग्रजीत ते धातुसाधित रूपाआधी प्रामुख्याने हेतू सांगण्यासाठी येत असे. ‘पुस्तक आणायला गेलो’ यातला आपला ‘ला’ नेमके हेच काम करतो. म्हणून ज्या क्रियापदांत मन पुढच्या कृतीकडे वळलेले असते, म्हणजे ठरवणे, आशा करणे, वचन देणे, त्यांच्याबरोबर सहसा ‘टू’ येतो. उलट आनंद घेणे, टाळणे किंवा संपवणे यांत ती कृती एखाद्या वस्तूसारखी समोर असते आणि तिथे नामासारखे वागणारे जेरंड शोभते.

हा विचार सर्वात उपयोगी पडतो तो दोन्ही रूपे घेणाऱ्या, पण रूपाबरोबर अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांच्या बाबतीत. ‘आय रिमेम्बर्ड टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायचे माझ्या लक्षात राहिले आणि मी ते लावले. ‘आय रिमेम्बर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचे मला आठवते. ‘लावायचे’ आणि ‘लावल्याचे’ यांतला भेद मराठी वाचकाला कोणी शिकवावा लागत नाही. तोच इथे कामी येतो. ‘ट्राय टू ओपन द विंडो’ यात खिडकी उघडण्याचा प्रयत्न आहे आणि ती कदाचित घट्ट बसलेली आहे, तर ‘ट्राय ओपनिंग द विंडो’ म्हणजे उकाडा होतो आहे, तर खिडकी उघडून पाहा. ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे त्याने बोलणे थांबवले. ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ म्हणजे तो बोलण्यासाठी थांबला. अशा जोड्या केवळ इंग्रजीत न घोकता प्रत्येकीचे मराठी वाक्य शेजारी लिहावे, असा माझा आग्रह आहे.

तरीही हे सूत्र सर्वत्र लागू पडत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘सजेस्ट’, ‘कन्सिडर’ आणि ‘पोस्टपोन’ यांचा रोख पुढच्या कृतीकडे असूनही ती जेरंड घेतात. ‘मॅनेज’मध्ये काम साधलेले असते, तरी तिथे ‘टू’ येतो. एवढी मोजकी क्रियापदे मात्र पाठच करावी लागतात. त्यांतही ‘सजेस्ट’कडे विशेष लक्ष द्यावे, कारण ‘ही सजेस्टेड टू गो’ ही चूक चांगले इंग्रजी लिहिणाऱ्यांकडूनही होते. ‘ही सजेस्टेड गोइंग’ हे बरोबर आहे.

प्रश्न : पत्राच्या शेवटी ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ असे लिहिले तर ते चूक का? ‘टू’नंतर मूळ धातूच येतो ना?

उत्तर : येथील ‘टू’ इन्फिनिटिव्हचा नाही, ते शब्दयोगी अव्यय आहे आणि अशा अव्ययानंतर क्रिया आली, तर ती जेरंडच्या रूपात येते. म्हणून ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ असे लिहावे. ओळखण्याची खूण सोपी आहे : ‘टू’पुढे क्रियेऐवजी एखादे नाम ठेवून पाहावे. ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ हे वाक्य नीट बसते, म्हणजे तिथे जेरंड हवे. ‘डिसाइडेड टू युअर रिप्लाय’ बसत नाही, म्हणून तिथे मूळ धातू. हीच कसोटी ‘यूज्ड टू’लाही लावावी. ‘आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग ॲट नाइट’ म्हणजे रात्री गाडी चालवण्याची मला सवय आहे, आणि ‘आय यूज्ड टू ड्राइव्ह ॲट नाइट’ म्हणजे पूर्वी मी रात्री गाडी चालवत असे, आता चालवत नाही.