सातवीला बीजगणित पहिल्यांदा शिकवताय? एवढं सांभाळा

ताई, आधी पुस्तक मिटा आणि वडापावच्या गाडीवर चला. ३ वडापाव, १० रुपयांचा चहा, बिल ७० रुपये. म्हणजे ३क्ष + १० = ७०. आता विचारा, क्ष म्हणजे काय? निम्मी मुलं "वडापाव" म्हणतील. तिथेच थांबा. क्ष म्हणजे एका वडापावची किंमत, एक संख्या. हे पक्कं होईपर्यंत पुढे जाऊ नका, दोन तास गेले तरी चालतील. (भास्कराचार्य अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणत, मुलांना हा शब्द भारी आवडतो.)

हमखास होणाऱ्या चुका:

- ३क्ष + १० चं १३क्ष करणं. क्षच्या जागी २ ठेवायला लावा: एकीकडे १६, दुसरीकडे २६. चूक त्यांची त्यांनाच दिसते.
- ७० − १० = ६० ÷ ३ = २० असं एका ओळीत लिहिणं. ७० − १० म्हणजे २० नव्हे! प्रत्येक पायरी नव्या ओळीवर.
- "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" हे पाठ करून घेणं. ही चूक आपली, शिकवणाऱ्यांची. दोन्ही बाजूंतून १० वजा केले, असंच म्हणा.

असमानतेलाही (जिथे '=' ऐवजी '≤', म्हणजे 'तेवढं किंवा त्याहून कमी', असं चिन्ह येतं) तीच गाडी. खिशात १०० रुपये, एक चहा हवाच, तर २० रुपयांचे वडापाव किती येतील? २०क्ष + १० ≤ १००. इथे मात्र क्ष म्हणजे वडापावांची संख्या, हे आधी सांगा. उत्तर ४.५ येतं, अर्धा कोण देणार? म्हणून जास्तीत जास्त ४.

असमानतेला ऋण संख्येने भागल्यावर तिचं चिन्ह उलटतं (≤ चं ≥ होतं), ते सध्या राहू द्या.