मेट्रननं विचारलेला प्रश्न

ताई, मी 31 वर्षांची आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून आठ वर्षं झाली. ती सगळी मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात गेली, त्यातली पाच आयसीयूत. हातात 22 हजार येतात. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे, मुलगी चार वर्षांची आहे, सासूबाई आमच्याजवळ असतात. गेल्या महिन्यात पगारवाढीच्या वेळी मेट्रननं, म्हणजे आमच्या मुख्य परिचारिकेनं विचारलं, "पाच वर्षांनी तू कुठे असशील?" मला एक शब्द सुचला नाही. माझ्या बॅचची एक मैत्रीण जर्मनीला जायची तयारी करतेय. नणंद म्हणते, सरकारी भरतीचा फॉर्म भर, आयुष्याची चिंता मिटेल. नवरा म्हणतो, तू ठरव, मी आहे. पण मला ठरवताच येत नाही. आत्ताच कंबरेला पट्टा लावून ड्युटी करते. वय निघून गेलं का हो?
– एक सिस्टर, मिरज

प्रिय मैत्रिणी,

वय निघून गेलेलं नाही. 58व्या वर्षी निवृत्ती धरली तर तुझी अजून 27 वर्षं बाकी आहेत. आजवर जेवढी नोकरी झाली, त्याच्या तिपटीहून जास्त. म्हणूनच कंबरेच्या पट्ट्याचं तुझं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. पेशंट उचलणं, कूस बदलणं, बारा तास उभं राहणं हे पन्नाशीपर्यंत याच जोमानं जमेल, असं गृहीत धरून चालणार नाही. मेट्रनचा प्रश्न नोकरीपुरता असेल, तुझं शरीर मात्र तोच प्रश्न रोज विचारतंय.

जागेअभावी इथे तुझ्या पत्राचा सारांशच दिला आहे, पण मी मूळ पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. जर्मनीबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास आणि त्या दोन्ही पगाराच्या आहेत. सरकारी नोकरीबद्दलचं सगळं म्हणणं नणंदेचं आहे. एका नाइटच्या हकिकतीला मात्र तू पाऊण पान दिलंस. नवी लागलेली मुलगी घाबरत आली, मॉनिटरवर पेशंटच्या रक्तातला ऑक्सिजन 84 टक्के दिसत होता. तू तिला आधी पेशंटसमोर उभं केलंस. श्वास बघ, ओठांचा रंग बघ, त्याच्याशी बोल. पेशंट शांत होता, पण बोटं गारठलेली होती. बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, म्हणजे प्रोब, काढून कानाच्या पाळीला लावायला लावलास आणि आकडा 97 वर गेला. मग तिथेच उभ्या उभ्या तिला समजावलंस की हात गार असले, नखांना गडद रंग असला, तर हे यंत्र फसतं, आणि तरीही आकड्याकडे कधी दुर्लक्ष करायचं नाही, आधी माणूस तपासायचा. ही हकिकत लिहिताना तुझं अक्षरसुद्धा बदललंय. अगं, तू शिकवणारी आहेस. पाच वर्षांनी काय व्हायचं, याचं उत्तर तू स्वतःच लिहून पाठवलंयस.

आता वाट सांगते. जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग दोन वर्षांचं असतं. ते झालं आणि गाठीशी अनुभव असला की नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर म्हणून दार उघडतं. अनुभव तुझ्याकडे भरपूर आहे. पुढे कॉलेजात सहायक प्राध्यापक, प्राध्यापक व्हायचं तर एमएस्सी नर्सिंग हवंच, तीही दोन वर्षांची. तिच्या प्रवेशासाठी पदवीला किमान 55 टक्के लागतात, तेव्हा पोस्ट बेसिक नुसतं पास होऊन भागणार नाही. दोन्ही एका दमात करायची गरज नाही. माझ्या मते तू 33व्या वर्षी पोस्ट बेसिकला जा. तोवर लेक पहिलीत गेलेली असेल, तिची शाळा बालवाडीपेक्षा जास्त वेळ चालेल. 35व्या वर्षी ट्यूटर हो, एक-दोन वर्षं पगार घे, मग एमएस्सी कर. ती संपेल तेव्हा तू चाळिशीच्या आत असशील आणि पुढे एकोणीस-वीस वर्षं वर्गात आणि वॉर्डात मुली घडवशील.

यंदाच का नको? पैशांमुळे. रेग्युलर पोस्ट बेसिक पूर्ण वेळ असतं, म्हणजे 22 हजारांप्रमाणे 24 महिन्यांचे 5 लाख 28 हजार घरात येणार नाहीत आणि वर फी. हा आकडा बघून छातीत धस्स होईल, तरी तो कागदावर लिहून स्वयंपाकघरात लाव, घरातल्या सगळ्यांना दिसू दे. पुढचे 20 महिने दरमहा 6 हजार बाजूला पडले तर 1 लाख 20 हजार होतात. उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज आहे. सरकारी बँकांत साधारणपणे 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ता शिक्षण संपल्यावर काही काळानं सुरू होतो. शिवाय 2024-25 पासून राज्य सरकारनं आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. ती तुझ्या अभ्यासक्रमाला आणि तू निवडशील त्या कॉलेजला लागू होते का, हे प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात विचारून घे. त्या कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे ना, हेही स्वतः तपास.

मध्येच एक सांगते, कारण आपल्याकडच्या बायकांचं घोडं हमखास इथे अडतं. तुझी बारावीची गुणपत्रिका, जीएनएमचं प्रमाणपत्र आणि कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावानं असणार. आधार, पॅन, बँक सासरच्या नावानं. प्रवेशाच्या खिडकीवर हे उघडकीस आलं की मुदत संपेपर्यंत तू तहसील आणि झेरॉक्सच्या दुकानात फिरत राहशील. तेव्हा विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेव आणि नावबदलाची राजपत्रात नोंद करून घे. कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, तुझी शेवटची केव्हा केलीस ते बघ. आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही कार्यालयाच्या कपाटात ठेवू नकोस, कितीही आपुलकीनं मागितली तरी.

जर्मनीची वाट मी उडवून लावत नाही. आपल्या राज्याचा तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी 2024 मध्ये करार झाला आहे, नर्सना मागणी खरी आहे. पण तिथे नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला बहुतेक ठिकाणी जर्मन भाषेची बी-2 पातळी (सहा पातळ्यांपैकी चौथी) लागते. शून्यापासून तिथवर जायला रोजचा अभ्यास धरूनही वर्ष-दीड वर्ष जातं. पुढे कागदपत्रांची मान्यता, आणि सुरुवातीचा काही काळ बहुधा लेकीशिवाय. इतकं सगळं नुसत्या पगाराच्या ओढीवर निभत नाही. तुझ्या मैत्रिणीला ती भाषा, तो देश हवाहवासा वाटत असेल तर तिनं जरूर जावं. तुझ्या पत्रात मला ती ओढ कुठे दिसली नाही.

सरकारी भरतीचं वेगळं आहे. महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागास प्रवर्गाला 43 ही सर्वसाधारण वयोमर्यादा आहे, तेव्हा अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) जाहिरात आली की फॉर्म भरत जा. निवड झाली तर घे, सेवेत राहूनही पुढचं शिक्षण आणि पाठ्यनिर्देशिकेचं (नर्सिंग शिकवणाऱ्या ट्यूटरचं) पद गाठता येतं. मात्र जाहिरातीची वाट बघत वर्षं घालवू नकोस. जाहिरात कधी निघेल आणि निकाल कधी लागेल, हे तुझ्या हातात नाही. पोस्ट बेसिकची तयारी हातात आहे.

नवऱ्याच्या "तू ठरव, मी आहे" या वाक्यानं तू दुखावल्यासारखी दिसतेस. ते बेफिकिरीनं म्हटलंय असं मला वाटत नाही. त्याला नेमकं काय करायचंय, हे कुणी सांगितलेलंच नाही. त्याला सांग की दोन वर्षं लेकीला शाळेतून आणायचं काम त्याचं किंवा सासूबाईंचं, परीक्षेच्या महिन्यात रात्रीचा स्वयंपाक त्याचा, ओव्हरटाइमचे पैसे या खात्यात. सासूबाईंनाही त्याच बैठकीत बसव. त्यांच्या पाठीमागे ठरलेलं काही त्यांना नंतर पटवायला जाऊ नकोस.

आणि मेट्रनला उत्तर दे, लवकर दे. पुढच्या महिन्याची ड्युटी लागायच्या आत त्यांच्या केबिनमध्ये जा आणि सरळ सांग, "मॅडम, मला नर्सिंग शिकवायचंय. दोन वर्षांनी पोस्ट बेसिकला जाणार आहे. तोवर आयसीयूत नव्या येणाऱ्या मुलींच्या प्रशिक्षणाची जबाबदारी मला द्या." हो म्हणाल्या तर ते लेखी मागून घे, अनुभवाच्या दाखल्यात त्याचा उल्लेख येईल असं बघ. तुमच्या रुग्णालयाचं किंवा त्यांच्या ओळखीतलं नर्सिंग कॉलेज असेल तर शिक्षणासाठी मदत मिळते का, तेही विचार. मदतीच्या बदल्यात ठरावीक वर्षं तिथेच नोकरी करण्याचा करार, म्हणजे बाँड, पुढे केला, तर किती वर्षांचा आणि मोडल्यास किती रक्कम भरायची, हे वाचल्याशिवाय सही करू नकोस. तो कागद घरी आणून दोघांनी वाचा, आणि काही अडलं तर मला पाठव.

तुझी,
ताई