शुगर तीन ठिकाणी तीन! खरी कुठली?

प्रश्न: आईला रात्रीचं इन्सुलिन आहे. परवा सकाळी बोटातून १४२ आली, दंडावरचा सेन्सर ११८ दाखवत होता आणि लॅबचं एचबीएवनसी ८. आता विश्वास कुणावर ठेवायचा?
– एक वाचक, सातारा

उत्तर: अहो, तिन्ही खरे असू शकतात, कारण तिघं वेगवेगळं मोजतायत. ग्लुकोमीटर त्या क्षणाची रक्तातली साखर सांगतो, तोही चांगल्या मशीनमध्ये साधारण १५ टक्के इकडेतिकडे. सेन्सर रक्तात नसतोच, तो कातडीखालच्या द्रवातली साखर बघतो, म्हणून जेवणानंतर शुगर पटापट चढत असेल तर तो ५-१५ मिनिटं मागे राहतो, आणि आई त्याच कुशीवर झोपल्या तर दंड दाबला जाऊन रात्री उगाच 'लो' दाखवतो (आमच्याकडे असे घाबरून आलेले फोन कमी नाहीत). एचबीएवनसी म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी, ८ म्हणजे साधारण १८३, पण आईला ॲनिमिया असेल तर तो आकडाही फसवू शकतो, डॉक्टरांना विचाराच.

आणि हो, बोट टोचायच्या आधी हात साबणाने धुऊन कोरडे करा! आंबा कापलेल्या हाताने टेस्ट केली तर मशीन आंब्याची शुगर सांगतं.

सेन्सर साधारण १४ दिवस चालतो, खर्चिक आहे, त्यामुळे कायम नको वाटला तर मधूनमधून लावा, रात्रीचे चढउतार त्यातच दिसतात. घाम, थरथर होतेय आणि सेन्सर नॉर्मल म्हणतोय? तेव्हा लगेच बोटातून बघा, ७० च्या खाली असेल तर आधी साखरपाणी.